गावाचा आवाज गावाच्याच पत्त्यावर : पॉडकास्ट आणि सामाईक वेबसाइट कशी चालवायची?

नाशिक : २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. त्याआधी ग्रामीण महाराष्ट्रातल्या कितीतरी पोरा-पोरींनी शेतात, बांधावर, गोठ्यात उभं राहून केलेले व्हिडिओ तिथे लाखो लोक बघत होते. बंदी आली आणि जमवलेला सगळा प्रेक्षक एका रात्रीत गेला. ज्यांनी मूळ व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवले नव्हते, त्यांचं कामही गेलं.

बंदी योग्य की अयोग्य, हा इथला विषय नाही. दुकान आपोआप बंद पडतं, तेव्हाही असंच होतं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झालं. २०२४ मध्ये गुगलने स्वतःचं पॉडकास्ट ऐकण्याचं ॲपही बंद केलं. पण या शेवटच्या वेळी एक गोष्ट वेगळी घडली. ॲप गेलं, कार्यक्रम गेले नाहीत. ऐकणाऱ्यांनी दुसरं ॲप घेतलं आणि तेच कार्यक्रम तिथे पुन्हा सुरू झाले. कारण ते कार्यक्रम गुगलच्या ताब्यात नव्हतेच. ते ज्याच्या त्याच्या पत्त्यावर ठेवलेले होते.

गावातल्या चार-दोन हौशी मंडळींना तंत्रज्ञानावर, शेतीवर किंवा गावच्या इतिहासावर आवाजी कार्यक्रम सुरू करायचा असेल, तर माईक कुठला घ्यायचा यापेक्षा हा मुद्दा आधी समजून घ्यावा लागतो. बोललेलं कुठं ठेवलंय आणि त्या जागेची किल्ली कोणाकडे आहे?

पॉडकास्ट म्हणजे नेमकं काय?

पॉडकास्ट म्हणजे रेकॉर्ड करून इंटरनेटवर ठेवलेला, भागाभागाने येणारा आवाजी कार्यक्रम. हा शब्द २००४ साली इंग्रजी वर्तमानपत्रातून पहिल्यांदा पुढे आला. आयपॉड हे गाणी ऐकायचं यंत्र आणि ब्रॉडकास्ट म्हणजे प्रसारण, या दोन शब्दांची ती जोडणी. आयपॉड आता बाजारातून गेला, शब्द राहिला.

यूट्यूबवर किंवा व्हॉट्सॲपवर टाकलेली ऑडिओ क्लिप आणि पॉडकास्ट यात फरक आहे तो 'फीड'चा. फीड म्हणजे आपल्या वेबसाइटवर ठेवलेली एक छोटी यादी. कार्यक्रमाचं नाव, प्रत्येक भागाचं शीर्षक, तारीख आणि त्या भागाची फाईल कुठे आहे याचा पत्ता, एवढंच त्यात असतं. या यादीच्या पद्धतीला आरएसएस म्हणतात. त्याच नावाच्या संघटनेशी त्याचा काही संबंध नाही. ऐकणाऱ्याच्या मोबाईलमधलं ॲप अधूनमधून ही यादी बघून येतं. नवीन भाग दिसला की ऐकणाऱ्याला कळवतं.

ग्रामपंचायतीच्या फलकासारखं हे काम आहे. फलक आपल्या भिंतीवर असतो, वाचायला कोणीही येऊ शकतो. वाचणारा सायकलवर आला की मोटारसायकलवर, याने फलकाला फरक पडत नाही. तसंच ऐकणाऱ्याने कोणतंही ॲप वापरलं तरी यादी एकच.

रेडिओ असताना हे कशाला?

नाशिककरांना सामुदायिक रेडिओ नवीन नाही. विश्वास ध्यान प्रबोधिनी ॲण्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था शहरात 'रेडिओ विश्वास ९०.८ एफएम' हे केंद्र चालवते. कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा, जून २०२० मध्ये, या केंद्राने 'शिक्षण सर्वांसाठी' हा उपक्रम सुरू केला. तिसरी ते दहावीच्या जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांतल्या मुलांसाठी शिक्षकांनी स्टुडिओत येऊन धडे रेकॉर्ड केले. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, तिथेही रेडिओवर शाळा पोहोचली. राज्यातल्या इतर सामुदायिक रेडिओ केंद्रांनाही हे धडे देण्यात आले. इगतपुरी तालुक्यात शिक्षक आणि इतरांनी मिळून मुलांना साडेचारशेच्या आसपास एफएम संच दिले. २०२१ मध्ये या केंद्राला राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारांत दोन पुरस्कार मिळाले, त्यातला एक याच कार्यक्रमासाठी होता.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, साध्या आवाजाची ताकद. दुसरी, एकदा नीट रेकॉर्ड केलेली फाईल दुसऱ्या केंद्रालाही देता येते. ती एका मनोऱ्यापुरती राहत नाही.

रेडिओला मात्र मर्यादा आहेत. सामुदायिक रेडिओच्या प्रक्षेपणाची शक्ती साधारण १०० वॅटपर्यंतच ठेवावी लागते. त्यामुळे आवाज मनोऱ्यापासून काही किलोमीटरपर्यंतच जातो. नाशिक शहरातलं असं प्रक्षेपण सुरगाणा, पेठ, कळवण किंवा नांदगावच्या गावांपर्यंत जाणार नाही. परवाना नोंदणीकृत संस्था, शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र अशांनाच मिळतो. एकट्या माणसाला मिळत नाही. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच बातम्या आहे तशा लावाव्या लागतात.

पॉडकास्टला एफएमसारखा परवाना लागत नाही, मनोरा लागत नाही. पण ऐकणाऱ्याकडे मोबाईल आणि नेट लागतं. म्हणजे रेडिओच्या जागी पॉडकास्ट येत नाही. जिथे रेडिओची लहर संपते तिथून पुढे तो उपयोगी पडतो.

रेकॉर्डिंगला काय काय लागतं?

सुरुवातीला हातातला मोबाईल पुरतो. कॉलरला लावायचा वायरचा माईक हजाराच्या आत मिळतो आणि त्याने मोठा फरक पडतो. पण माईकपेक्षाही खोली महत्त्वाची. रिकाम्या, फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. गोधड्या, गाद्या, कपड्यांचं कपाट असलेली खोली निवडली की घुमणं कमी होतं. पंखा बंद ठेवायचा. मोबाईल विमान मोडवर टाकायचा, नाहीतर मध्येच फोन येतो.

बोलणाऱ्याच्या तोंडापासून माईक एक वीतभर अंतरावर असावा. दोघं बोलणार असतील तर एकाच माईकसमोर वाकण्यापेक्षा दोघांनी आपापल्या मोबाईलवर वेगवेगळं रेकॉर्ड करावं आणि नंतर जोडावं. सुरुवातीला एक टाळी वाजवली की दोन्ही रेकॉर्डिंग जुळवायला सोपं जातं.

कापाकापीसाठी कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आहे. अडखळणं, खोकला, फार लांब शांतता एवढं काढलं तरी पुरे. सगळं गुळगुळीत करत बसलं तर भाग कधी बाहेरच पडत नाही.

भाषा आपली ठेवावी. बागलाण, मालेगाव, देवळा भागात अहिराणीत बोललं तर ऐकणारा जास्त वेळ थांबतो. सुरगाणा-पेठकडे कोकणी बोली आहे. लिहायची सवय नसलेली माणसंही छान बोलतात, आणि आवाजाला शुद्धलेखन लागत नाही. गावात मोबाईल दुरुस्ती करणारा, ठिबकचा ऑटोमेशन संच बसवणारा, सोलर पंपाचा फिटर, हे सगळे तंत्रज्ञानावरच्या कार्यक्रमाचे खरे पाहुणे.

फाईल किती मोठी? साधा हिशोब

बोलण्याच्या कार्यक्रमाला गाण्याइतका भारी दर्जा लागत नाही. एमपीथ्री फाईल, मोनो आणि ६४ केबीपीएस, एवढं चालतं. या मापाने एका मिनिटाला ४८० केबी लागतात. वीस मिनिटांचा भाग ९.६ एमबीत बसतो. तेवढ्याच लांबीचा व्हिडिओ याच्या अनेक पट जागा खातो. कमी रेंजच्या वस्तीवर आवाजी फाईल उतरते आणि व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो, त्याचं कारण हेच.

आठवड्याला एक भाग धरला तर वर्षाचे ५२ भाग होतात, म्हणजे जवळपास ५०० एमबी. पाच वर्षांचा कार्यक्रम अडीच जीबीत मावतो, साध्या पेन ड्राईव्हमध्ये.

आता ऐकणाऱ्यांचा हिशोब. एक भाग दोनशे जणांनी उतरवला तर आपल्या वेबसाइटवरून जवळपास दोन जीबी डेटा बाहेर जातो. महिन्याच्या चार भागांचा आठ जीबी. भाड्याची जागा घेताना महिन्याला किती डेटा बाहेर जाऊ देणार, हे आधी विचारायचं ते यासाठी. भाग गाजला आणि मर्यादा ओलांडली तर काही ठिकाणी वेबसाइट बंद पडते, काही ठिकाणी जास्तीचं बिल येतं.

नाव, जागा आणि माल

वेबसाइटचे तीन भाग असतात आणि ते तिन्ही वेगवेगळे आहेत. बाजारातल्या दुकानासारखं समजा.

पाटी म्हणजे डोमेन, आपलं नाव. ते विकत मिळत नाही, वर्षावर भाड्याने मिळतं. शेवटी '.इन' असलेलं नाव साधारण हजाराच्या आत वर्षभर मिळतं. २०१४ पासून '.भारत' असं देवनागरी नावही घेता येतं. पण काही जुनी ॲप अजून देवनागरी पत्त्याला अडखळतात, म्हणून मुख्य पत्ता इंग्रजी अक्षरांत ठेवून देवनागरी जोडीला घ्यावा.

गाळा म्हणजे होस्टिंग. चोवीस तास चालू असलेल्या दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर भाड्याने घेतलेली जागा. छोट्या कामाला महिन्याला शे-दोनशे रुपयांपासून मिळते. इथे एक सावधगिरी हवी. पहिल्या वर्षाचा भाव स्वस्त दाखवतात, दुसऱ्या वर्षी दर वाढतो. घेतानाच नूतनीकरणाचा दर बघावा.

माल म्हणजे आपल्या फाईली, लेख, फोटो आणि ती फीडची यादी.

पाटी आपल्या नावावर असेल तर गाळा कधीही बदलता येतो. आज या कंपनीकडे, उद्या त्या कंपनीकडे. पत्ता तोच राहतो आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही. पण फुकट मिळतं म्हणून एखाद्या कंपनीच्याच पत्त्यावर कार्यक्रम ठेवला, तर कंपनी बंद झाल्यावर किंवा नियम बदलल्यावर ऐकणारे पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागतात. फुकटची सेवा वापरायला हरकत नाही. मात्र फीड दुसऱ्या पत्त्यावर वळवण्याची सोय आहे का, हे आधीच तपासावं. यूट्यूब, व्हॉट्सॲप यांचा उपयोग लोकांना बोलावण्यासाठी जरूर करावा, पण मूळ फाईल आपल्या पत्त्यावर ठेवून.

जुन्या कॉम्प्युटरवर घरीच वेबसाइट चालवता येईल का, असं हौशी पोरं विचारतात. शिकायला उत्तम, पण रोजच्या कामाला अवघड. वीज जाते. शिवाय बहुतेक मोबाईल नेट आणि अनेक फायबर जोडण्यांत आपल्या घराला स्वतंत्र इंटरनेट पत्ता मिळत नाही, शेकडो ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. त्यामुळे बाहेरचा माणूस थेट घरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचत नाही.

सामाईक होस्टिंग : फडासारखं

एकट्याने हा खर्च उचलण्यापेक्षा आठ-दहा जणांनी मिळून एक जागा घेतली तर परवडतं. कोणाचा पॉडकास्ट, शाळेचं पान, बचत गटाची उत्पादनांची यादी, ग्रंथालयाची सूची, सगळं एकाच भाड्याच्या जागेवर वेगवेगळ्या कप्प्यांत बसतं. डोमेन, होस्टिंग आणि एक माईक धरून पहिल्या वर्षाचा खर्च साधारण पाच-सहा हजारांत बसवता येतो. दहा जणांत वाटला तर माणशी पाच-सहाशे.

सामाईक गोष्ट चालवायची कशी, हे नाशिक जिल्ह्याला बाहेरून शिकायची गरज नाही. मोसम, आरम या नद्यांवर बागलाणात आणि पांझरेवर धुळ्याकडे फड पद्धत कित्येक पिढ्या चालली. बंधारा सगळ्यांचा, पाट सगळ्यांचा, पाण्याची पाळी ठरलेली. पाणी सोडणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या नेमलेला. त्यांचा मोबदला शेतकरी मिळून द्यायचे. पाटकरी बदलायचा, पण बंधारा आणि नियम राहायचे. अलीकडच्या काळात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांनी पाण्याचं वाटप स्वतःच्या हातात घेतलं, ते राज्यभर लोक बघायला येतात.

सामाईक सर्व्हरलाही तेच लागतं.

पाटकरी एक नको, दोन हवेत. बहुतेक हौशी वेबसाइट पैशांवाचून बंद पडत नाहीत. चालवणारा नोकरीला पुण्याला गेला, त्याचं लग्न झालं, नंबर बदलला, आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, असं होतं. म्हणून पासवर्ड दोघांकडे असावेत आणि एक प्रत बंद पाकिटात तिसऱ्या विश्वासू माणसाकडे असावी.

डोमेन कोणाच्या नावावर आहे, हे लेखी ठरवावं. शक्यतो नोंदणीकृत संस्था, मंडळ किंवा ग्रंथालयाच्या नावावर घ्यावं. नूतनीकरणाची तारीख चुकली आणि मुदतीनंतरही पैसे भरले नाहीत, तर ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. मग आपल्या जुन्या पत्त्यावर जुगाराची जाहिरातही दिसू शकते. मंडळाच्या वहीत ही तारीख लिहून ठेवावी, शक्य असेल तर दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरावेत.

जागल्याचं काम म्हणजे सुरक्षा. वर्डप्रेससारखं सॉफ्टवेअर वापरलं तर ते वेळोवेळी अपडेट करावं लागतं. जुनं राहिलं की चोर शिरतात. आणि एका कप्प्यातून शिरलेला चोर शेजारच्या कप्प्यालाही त्रास देऊ शकतो. रोज लक्ष देणं जमणार नसेल तर साधी, न बदलणारी पानं ठेवावीत. ती दिसायला साधी असतात, पण मोडत नाहीत.

आणि प्रती तीन हव्यात. एक होस्टिंगवर, एक कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राईव्हवर दुसऱ्या घरात. एकाच घरात दोन्ही प्रती ठेवल्या तर आग, चोरी किंवा पावसाने दोन्ही एकदम जातात.

रेंजच नसेल तर?

डोंगराळ पाड्यांवर नेट मिळत नाही, तिथे फाईल हातोहात नेता येते. पेन ड्राईव्ह किंवा मेमरी कार्ड लागणारा छोटा स्पीकर बहुतेक वस्त्यांवर असतोच. महिन्याचे चार भाग ४० एमबीच्या आत बसतात, ते बाजाराच्या दिवशी कार्डात भरून देता येतात.

दुसरा उपाय म्हणजे रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा कॉम्प्युटर. त्याच्यावर फाईली आणि वेबसाइटची प्रत ठेवायची, त्याला वायफाय पसरवायला लावायचं. शाळेत किंवा समाजमंदिरात बसलेल्या माणसाने मोबाईलचं वायफाय जोडलं की इंटरनेट नसतानाही तो कार्यक्रम ऐकतो, एक रुपयाचा डेटा न जाळता. पॉवर बँकेवरही हे यंत्र काही तास चालतं.

चूक दुरुस्त करता आली पाहिजे

२०१० च्या हंगामात क्लोरमेक्वॉट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्याने नाशिक पट्ट्यातली निर्यातीची द्राक्षं युरोपात अडकली आणि शेतकऱ्यांना मोठा फटका बसला. औषधाची मात्रा, कोणत्या पिकावर चालतं, काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, या गोष्टी किती महाग पडू शकतात हे तेव्हा जिल्ह्याने पाहिलं.

व्हॉट्सॲपवर फिरणारी ऑडिओ क्लिप कोणाची, कधीची, हे कळत नाही. त्यात चुकीची मात्रा सांगितली असेल तर ती परत बोलावता येत नाही. चार वर्षांनीही कोणीतरी ती पुढे ढकलतो. आपल्या पत्त्यावर ठेवलेल्या भागाला तारीख असते, बोलणाऱ्याचं नाव असतं, आणि चूक कळली की फाईल बदलून 'या तारखेला दुरुस्ती केली' असं लिहिता येतं. स्वतःची जागा असण्याचा सर्वात मोठा उपयोग हाच.

तरीही शेती सल्ल्याचा भाग टाकण्याआधी कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी अधिकाऱ्यांकडून खात्री करून घ्यावी आणि बोलताना सुरुवातीलाच तारीख सांगावी.

आणखी तीन गोष्टी पाळाव्यात. सिनेमाची गाणी लावू नयेत, त्यांचे हक्क दुसऱ्यांचे असतात. ज्याची मुलाखत घेता त्याची परवानगी रेकॉर्डिंगमध्येच, सुरुवातीला बोलून घ्यावी, आणि लहान मुलांसाठी आई-वडिलांची. कानबाईची गाणी किंवा डोंगऱ्या देवाच्या उत्सवातलं गायन रेकॉर्ड करायचं असेल तर आधी त्या मंडळींना विचारावं. काही गोष्टी बाहेर जाऊ नयेत असं त्यांना वाटू शकतं, त्याचा मान ठेवावा.

किती लोक ऐकतील?

सुरुवातीला फार थोडे. चाळीस-पन्नास जणांनी ऐकलं तरी ती गावातली भरलेली बैठक समजावी. जाहिरातीचे पैसे येतील या आशेने सुरू केलं तर तीन महिन्यांत उत्साह जातो. आधी सहा भाग रेकॉर्ड करून ठेवावेत आणि मगच पहिला बाहेर टाकावा. म्हणजे कांदा काढणी किंवा द्राक्ष छाटणीच्या घाईत खंड पडत नाही. दर आठवड्याला जमत नसेल तर महिन्याला एक चालेल, पण ठरलेल्या दिवशी.

सुरू करण्याआधी हे तपासा

• डोमेन कोणाच्या नावावर? नूतनीकरणाची तारीख वहीत लिहिली का?
• फीडचा पत्ता आपल्या डोमेनवर आहे का? नसेल तर वळवण्याची सोय आहे का?
• पासवर्ड किमान दोघांकडे आहेत का?
• दुसऱ्या वर्षाचा होस्टिंग दर आणि महिन्याची डेटा मर्यादा विचारली का?
• फाईल मोनो, ६४ केबीपीएस एमपीथ्री आहे का? मूळ रेकॉर्डिंग वेगळं जपलं का?
• तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात आहे का?
• प्रत्येक भागावर तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि परवानगी आहे का?
• वर्गणी किती, कोण गोळा करणार आणि एखादा सोडून गेला तर त्याच्या फाईलींचं काय करायचं, हे लेखी ठरलं का?